टेबल सॉचा तुटलेला पट्टा बदलताना: आधी जुना पट्टा वाचा

टेबल सॉमध्ये मोटरची ताकद ब्लेडपर्यंत नेणारा पट्टा तुटला, तर तो लगेच कचऱ्यात टाकू नका. नवा आणून चढवणं हे सरावलेल्या हाताला तासाभराचंही काम नाही. जुना का तुटला, हे शोधायला मात्र डोकं आणि सवड दोन्ही लागतं. ते न शोधता नवा चढवलात तर तोही त्याच वाटेनं जाणार. मी लाकूडकामाची मशीनं दुरुस्त करतो. माझ्या कामाच्या जागी एका भिंतीवर तुटलेले पट्टे टांगलेले आहेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे: कुठल्या मशीनचा, कशानं गेला. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात पाना देण्याआधी मी त्यांना त्या भिंतीसमोर उभं करतो. पट्टा बघून कारण सांगता आलं, की पुढचं काम बोल्ट सोडणं आणि आवळणं एवढंच उरतं.

पट्टा गेल्याचं कानाला आधी कळतं. मोटर ओझं उतरल्यासारखी हलकी फिरू लागते आणि ब्लेड मंदावत जाऊन थांबतं. कधी पट्टा तुटलेला नसतो, नुसता पुलीवरून उतरलेला असतो. दोन्ही वेळी पहिलं काम स्विच बंद करण्याचं. लाकूड ब्लेडमध्ये अर्ध्यावर असेल तर आहे तिथंच धरून ठेवा. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत ते पुढं ढकलू नका आणि मागंही ओढू नका.

मग प्लग काढा आणि त्याचं टोक मशीनच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवा. थ्री फेजच्या मशीनला बऱ्याचदा प्लग नसतो. तिथं मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा किंवा फ्यूज काढून खिशात घाला. त्यानंतर मशीनचा स्विच एकदा दाबून बघा, आणि काहीच झालं नाही तरच हात आत घाला. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, कारण या कामात बोटं सतत पट्टा आणि पुली यांच्या मधे जातात. तिथं वीज नसतानाही, पुली हातानं फिरवताना बोट सापडतं आणि चांगलं चेंगरतं. म्हणून पुली फिरवायची ती कडेला धरून. पट्टा धरून ओढायचा नाही.

ब्लेडही काढून ठेवा. नटची दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे: ब्लेडचे वरचे दात ज्या बाजूला बघतात, म्हणजे तुमच्याकडे, त्या बाजूला नट फिरवला की सैल होतो. आट्या उजव्या असोत वा डाव्या, नियम तोच, कारण चालताना नट आपोआप सुटू नये अशीच ती रचना असते. ब्लेड अडकवायला दातांमध्ये लाकडाचा तुकडा लावा, धातूचं काही लावू नका.

आता तुमचं मशीन कुठल्या घडणीचं आहे ते बघा. मागच्या बाजूला मोटर बाहेर लटकते आणि एकच पट्टा आत जातो, ते कॉन्ट्रॅक्टर प्रकारचं. चारही बाजूंनी बंद पेटी आणि मोटर आत, पट्टे दोन किंवा तीन, ते कॅबिनेट प्रकारचं. उचलून कामावर नेता येणाऱ्या छोट्या मशीनमध्ये एकतर गिअर असतात, म्हणजे पट्टाच नसतो, किंवा बारीक रिबांचा चपटा पट्टा असतो. त्या चपट्या पट्ट्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलंय. बाकीचं सगळं व्ही पट्ट्यासाठी आहे.

जुना पट्टा काय सांगतो

व्ही पट्टा पुलीच्या तळाला धरत नाही, दोन्ही भिंतींना धरतो. पट्ट्याच्या दोन कडांमधला कोन साधारण ४० अंशांचा असतो. पुलीच्या खाचेचा कोन त्याहून थोडा कमी, पुलीच्या व्यासाप्रमाणे ३४ ते ३८ अंश. लाकूड फोडताना पाचर जशी फटीत घट्ट बसते, तसा पट्टा ताणाखाली खाचेत आवळून बसतो आणि त्याच आवळण्यावर सगळी ताकद पलीकडे जाते. एवढं ध्यानात धरलं की पट्ट्याच्या अंगावरच्या खुणा आपोआप उलगडतात.

पट्टा उजेडात धरा आणि पोट, म्हणजे आतली बाजू, बाहेर येईल असा उलटा वाकवा. पोटावर आडव्या चिरा जवळजवळ दिसत असतील, रबर कडक झालं असेल, तर तो वयानं आणि उष्णतेनं गेला. यात मशीनचा दोष नाही, नवा चढवा आणि कामाला लागा. मोटरची पुली फारच लहान असेल तर अशा चिरा लवकर पडतात, कारण प्रत्येक फेऱ्यात पट्टा जास्त वाकतो. तिथं पोटाला दाते पाडलेला पट्टा घ्यावा. तो सहज वाकतो आणि कमी तापतो. त्याच्या नंबरात (नंबरांचं पुढं येतंच) ए च्या पुढं एक्स असतो, लांबी मोजायची पद्धत तीच.

दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत आणि टणक झाल्या असतील, तर पट्टा घसरत होता. ताण कमी होता, किंवा पुलीवर तेल होतं, किंवा पुली झिजली आहे. कोणतं कारण, ते पोट बघून ठरतं. पोटही घासून गुळगुळीत झालेलं असेल तर पट्टा खाचेच्या तळाला टेकत होता. तळाला टेकला की पाचर संपली, मग कितीही ताणा, घसरणारच. अशा वेळी पुलीच्या तळाशीही चकाकी दिसते. ती पुली बदलावी लागते. पुली तशीच ठेवून महागातला पट्टा आणणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगत असतो.

एकच कड झिजलेली किंवा धागे सुटलेली असेल, तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. दुकानदार दुसरा पट्टा देईल, पण रेषा तुम्हालाच लावायची आहे.

एकाच जागी जळका, बारीक झालेला पट्टा असेल आणि बाकीचा अंगानं बरा, तर ब्लेड अडकलं होतं आणि मोटरची पुली त्या एका जागी पट्टा घासत फिरत राहिली. मग शोध ब्लेडच्या बाजूचा घ्यायचा. ब्लेड बोथट आहे का, दातांवर डिंक चढलाय का, ब्लेडमागची पाती काढून टाकली आहे का, की ज्यामुळे ओलं लाकूड कापल्यावर मिटून ब्लेडला चिमटीत धरतं? फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतात ती पट्टी, मागच्या टोकाला ब्लेडकडे झुकलेली आहे का? की ब्लेडच्या शाफ्टचं बेअरिंगच जाम होतंय? पट्टा तिथं फक्त बळी गेलेला असतो.

पट्टा पीळ पडून खाचेत उलटा झाला असेल, किंवा एका कडेची दोरी बाहेर आली असेल, तर मागच्या वेळी कुणीतरी तो स्क्रूड्रायव्हरनं उचकटून चढवला होता असं समजा. पट्ट्याच्या रबराच्या आत ताण पेलणाऱ्या दोऱ्या असतात. उचकटताना त्यातल्या एक-दोन तुटतात आणि वरून काही दिसत नाही. पट्टा काही काळ चालतो, मग एक दिवस पालथा होतो. बाकी ठणठणीत पण एका जागी सरळ तुटलेला पट्टा असेल तर पुली आणि पट्टा यांच्या मधे लाकडाची ढलपी गेली असण्याचा संभव मोठा. आतल्या संरक्षक झाकणाला भोक पडलंय का किंवा ते लावायचंच राहिलंय का, ते बघा. फुगलेला, चिकट, मऊ पट्टा असेल तर तेल नाहीतर थिनर त्याच्यावर गेलं आहे. ते कुठून आलं ते शोधा.

नंबर आणि माप

पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. ए-४२ म्हणजे ए सेक्शनचा, आतून ४२ इंचांचा पट्टा. ए सेक्शन वरून सुमारे १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड. बी सेक्शन १७ मिमी रुंद, ११ मिमी जाड. नंबर ४ एल ४४० असा असेल तर तो हलक्या कामाच्या मोटरींसाठीचा, साधारण अर्धा इंच रुंदीचा पट्टा, आणि ४४० म्हणजे बाहेरून ४४.० इंच. इथं लोक फसतात. एक नंबर आतून मोजतो, दुसरा बाहेरून. ए सेक्शनची बाहेरची लांबी आतल्यापेक्षा सुमारे दोन इंच जास्त असते, त्यामुळे ए-४२ आणि ४ एल ४४० एकाच लांबीचे ठरतात. मला विचाराल तर रोज चालणाऱ्या मशीनला मी ए च बसवतो. त्याची बांधणी जास्त भक्कम असते.

नंबर पुसला गेला असेल तर रुंदी आणि जाडी न झिजलेल्या जागी मोजा. कडा झिजून पट्टा अरुंद झालेला असतो, म्हणून एकाच जागेच्या मापावर विसंबू नका. १० मिमी रुंदीच्या पट्ट्यांतही दोन जाती आहेत, झेड ६ मिमी जाड आणि एसपीझेड ८ मिमी. नुसती रुंदी सांगून पट्टा मागू नये.

तुटलेल्या पट्ट्याची लांबी फसवते, कारण तो ताणलेला असतो आणि टोकं विस्कटलेली असतात. मोटर तिच्या सरकण्याच्या वाटेच्या मधोमध आणा आणि दोन्ही पुल्यांच्या कडेभोवती न ताणणारी सुतळी गुंडाळून मोजा. सुतळी बसत नसेल तर हिशोब करा: दोन शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही पुल्यांच्या व्यासांच्या बेरजेची १.५७ पट. अंतर ४०० मिमी, पुल्या बाहेरून १०० आणि ७५ मिमी असतील तर ८०० अधिक २७५, म्हणजे १०७५ मिमी. पुल्यांच्या व्यासातल्या फरकामुळे आणखी थोडी भर पडते, पण या मापांत ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे, सोडून द्या. पट्ट्याची पाठ पुलीच्या कडेशी जवळपास सपाट बसते म्हणून ही लांबी बाहेरची धरायची: ४२.३ इंच. दोन इंच वजा केले की ए-४० किंवा ए-४१. मोटरला सरकायला जागा असतेच, दोन्हीपैकी कुठलाही बसेल.

दोन-तीन पट्ट्यांच्या मशीनमध्ये एक तुटला तरी सगळे बदला, आणि एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे घ्या. जुने पट्टे लांबलेले असतात. त्यांच्या शेजारी नवा लावला तर सगळं ओझं त्या नव्यावर पडतं आणि जुने शेजारी नुसते फडफडत राहतात. वाचलेले जुने पट्टे फेकायची जिवावर येते हे मला माहीत आहे, तरी बदला.

कड्यांचा पट्टाही मिळतो. तो एकेक कडी अडकवून हव्या त्या लांबीचा करता येतो. मशीन बराच काळ बंद राहिलं की अखंड पट्ट्याला पुलीच्या आकाराची बाक पडते आणि सुरू केल्यावर मशीन थडथडतं. कड्यांच्या पट्ट्याला अशी बाक पडत नाही, म्हणून अधूनमधून चालणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर मशीनवर तो मला आवडतो. पुल्यांभोवती हातानं घट्ट ओढून कड्या मोजा आणि दर चोवीस कड्यांमागे एक कडी कमी करा, कारण चालताना तो सैल होतो. त्याच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाळा.

पट्टा नसतानाच करायची कामं

मशीनला पट्टा नाही, ही वेळ सहसा मिळत नाही. ती वाया घालवू नका.

ब्लेडचा शाफ्ट बोटांनी फिरवा. तो रेशमासारखा, आवाज न करता फिरला पाहिजे. करकर जाणवली, मधेच अडखळला, किंवा टोक धरून वरखाली हलवल्यावर खुळखुळला, तर बेअरिंग गेलेलं आहे. पट्टा चढलेला असताना हे कधीच नीट कळत नाही, कारण मोटरचं ओझं हाताला लागतं. तशीच मोटरची पुलीही फिरवून बघा. मग हात, पाने, चिंध्या सगळं बाजूला करून, मोटर जागेवर घट्ट आहे याची खात्री करून, प्लग लावून नुसती मोटर थोडा वेळ चालवा. ती एकटी फिरतानाच थरथरत असेल तर तो थरथराट नव्या पट्ट्यानं जाणार नाही. पुन्हा प्लग काढा, पुन्हा डोळ्यांसमोर ठेवा.

आता भुसा. पुलीच्या खाचेत भुसा आणि रबराची पूड मिळून काळा थर बसतो, तो वायर ब्रशनं आणि लाकडाच्या टोकदार काडीनं खरवडून काढा. चिकट राहिला तर थिनरमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुलीच्या कडेला बारीक खरवड उठलेली असेल तर बारीक कानशीनं मारा, पण खाचेच्या उतरत्या भिंती कानशीनं घासू नका, तिथला आकारच पट्ट्याला धरतो. या भिंतींवर छोटी सरळपट्टी उभी टेकवून बघा. मधे उजेड दिसला, म्हणजे भिंत बशीसारखी पोखरली असेल, तर पुली बदला. पट्ट्यावर मारायचे चिकट स्प्रे मी वापरत नाही. त्यानं भुसा धरतो आणि घसरण्याचं खरं कारण झाकलं जातं.

नवी पुली आणली तर जुन्याच व्यासाची आणा. मोटरला मोठी पुली लावली की ब्लेड वेगानं फिरतं हे खरं, आणि धोका तिथंच आहे. २८८० फेऱ्यांच्या मोटरवर १०० मिमीची पुली आणि ब्लेडच्या शाफ्टवर ७५ मिमीची असेल तर ब्लेड मिनिटाला सुमारे ३८४० फेरे घेतं. १० इंचांच्या ब्लेडचा दात त्या वेळी सेकंदाला ५१ मीटर वेगानं येत असतो. ब्लेडवर जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा छापलेला असतो. त्याच्या वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

पुल्या एका रेषेत लावणं

हे काम मी सगळ्यात सावकाश करतो. लांब पोलादी सरळपट्टी दोन्ही पुल्यांच्या सपाट अंगावर एकदम टेकवा. प्रत्येक पुलीच्या दोन कडा, अशा चारही जागी ती टेकली पाहिजे. पट्टी जात नसेल तर ताणलेला दोरा चालतो. पुल्यांच्या कडांची जाडी वेगवेगळी असेल तर बाहेरचं अंग न बघता खाचेचा मध्य मोजा.

रेषा दोन तऱ्हांनी चुकते आणि दोन्हींवर उपाय वेगळा. एक पुली दुसरीच्या मानानं आत किंवा बाहेर असेल, तर मोटरची पुली शाफ्टवर सरकवायची. पुली तिरकी बघत असेल, तर मोटरचे चार बोल्ट सैल करून मोटरच किंचित वळवायची. व्ही पट्टा अर्धा अंश चूक सहन करतो. ४०० मिमी अंतरात अर्धा अंश म्हणजे साडेतीन मिमी, जे डोळ्यांना सहज दिसतं. त्याहून पुष्कळ चांगलं जमतं, जमवा.

पुली मोटरच्या अंगाजवळ जितकी येईल तितकी बरी, म्हणजे बेअरिंगवर ओढ कमी पडते. पुली शाफ्टवर धरून ठेवणारे दोन ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू, बहुतेक असतात. एक चावीवर, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर टेकतो आणि दुसरा शाफ्टवर. चावी खाचेत पूर्ण बसलेली आहे ना ते बघून दोन्ही ॲलन कीनं आवळा. हे स्क्रू थरथराटानं सुटतात, म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकचा, म्हणजे आट्या धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, उघडता येणाऱ्या जातीचा एक थेंब टाका. आवळून झालं की सरळपट्टी पुन्हा लावा. आवळताना मोटर किंचित वळते, आणि पुष्कळांची रेषा तिथंच बिघडते.

नवा पट्टा चढवणं आणि ताण

ब्लेडचा कोन शून्यावर, म्हणजे ब्लेड टेबलाशी काटकोनात. कॉन्ट्रॅक्टर मशीनचं मागचं झाकण आणि पट्ट्याचं आच्छादन काढा, बिजागरीवर लटकलेली मोटर वर उचला आणि तिच्याखाली लाकडी ठोकळा लावा. मोटर जड असते. दुसरा माणूस असेल तर त्याच्याकडून उचलून धरा, पण ठोकळा तरीही लावाच. कॅबिनेट मशीनमध्ये मोटरची झडप उघडून, मोटर धरणारे बोल्ट सैल करून, लाकडी दांड्याच्या तरफेनं मोटर उचला आणि त्याच जागी बोल्ट तात्पुरता आवळा.

पट्टा आधी ब्लेडच्या पुलीवर, मग मोटरच्या. दोन-तीन पट्टे असतील तर मशीनच्या अंगाकडच्या खाचेपासून सुरुवात करून एकेक बाहेरच्या खाचेत आणा. पट्टा हातानं सहज बसला पाहिजे. बसत नसेल तर मोटर अजून उचला. स्क्रूड्रायव्हर, पाना, पक्कड यातलं काहीही पट्ट्याला लावू नका. आतल्या दोऱ्या तुटलेल्या दिसत नाहीत हे वर आलंच आहे. बसल्यावर पट्ट्याची पाठ पुलीच्या कडेशी सपाट किंवा किंचित वर दिसावी. खोल गेला असेल तर पट्टा अरुंद आला आहे किंवा पुली झिजलेली आहे.

ताणाचा नियम माझ्या पोरांना मी असा पाठ करून दिलाय: आठ इंचाला एक सूत. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध अंगठ्यानं बेताचा दाब दिला, की दर आठ इंच लांबीमागे पट्टा एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच, दबला पाहिजे. सोळा इंचाला दोन सूत. कमी दबला तर जास्त ताणलाय आणि बेअरिंगवर उगाच ओढ बसते. जास्त दबला तर ओझ्याखाली घसरेल. लटकणारी मोटर असेल तर बहुतेक वेळा तिच्या वजनाचाच ताण पुरतो. तिला आणखी खाली ओढून बोल्ट आवळण्याचा मोह टाळा, कारण ओढीमुळे ब्लेड धरणारा सगळा सांगाडा किंचित पिळतो. नव्या मशीनलाही हे लागू आहे.

प्लग बाहेरच ठेवून ब्लेडची पुली हातानं पूर्ण दहा-बारा फेरे फिरवा. पट्टा एका जागी धावतोय का, कुठं घासतोय का ते ऐका. मग ब्लेडची उंची तळापासून माथ्यापर्यंत आणि कोन शून्यापासून ४५ अंशांपर्यंत नेऊन आणा. वाकवलेल्या अवस्थेत पट्टा आतल्या झाकणाला किंवा मोटरची वायर पट्ट्याला लागत असेल तर ती आताच बांधून घ्या.

ब्लेड परत बसवलं की एक तपासणी करा, जी बहुतेक जण वगळतात. मोटर उचलताना, ठेवताना ब्लेडची दिशा बदललेली असू शकते. एका दाताला पेनानं खूण करा, तो पुढं आणून टेबलावरच्या माइटरच्या (कोनात कापायचं गेज सरकतं त्या) खाचेपासून गुण्यानं अंतर घ्या, मग तोच दात फिरवून मागं न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, म्हणजे ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा मापात येत नाही. दोन्ही अंतरं जुळत नसतील तर ब्लेड तिरकं उभं आहे. तसं ते लाकूड मागच्या कडेला चिमटतं, जाळतं आणि तुमच्या अंगावर फेकतं. ते जुळवल्याशिवाय लाकूड लावू नका.

सगळी झाकणं परत लावा. झाकण न लावता चाचणी घेण्याची घाई नको. ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभं राहून स्विच द्या. पट्टा सुरुवातीला क्षणभर चिरकला आणि गप्प झाला तर ताण थोडा कमी आहे. सतत चिरकत असेल तर लगेच बंद करा. लयीत येणारी ठकठक म्हणजे पट्ट्याला पॅकिंगमध्ये पडलेली बाक. ती तापल्यावर बहुतेक वेळा जाते. गेली नाही तर पुलीचा स्क्रू आणि पुलीचा डोल बघा.

छोट्या मशीनचा रिबांचा पट्टा

उलटं करून टेबल जमिनीकडे ठेवावं लागतं ते हे मशीन. ब्लेड काढलेलं, कोन ४५ वर, खाली जाड कापड. मोटर धरणारे स्क्रू सैल केले की पुली उघडी होते. पट्ट्याच्या नंबरात पीजे आढळतं: ६ पीजे ६१० म्हणजे सहा रिबा आणि लांबी ६१० मिमी. हाच इंचांत २४० जे ६ असा लिहितात. पीजेच्या दोन रिबांमधलं अंतर २.३४ मिमी असतं, नंबर नसेल तर सहा रिबांची रुंदी सुमारे १४ मिमी भरते का ते बघा.

इथं मोटर फारशी सरकत नाही, म्हणून पट्टा आधी लहान पुलीवर पूर्ण बसवून मोठ्या पुलीच्या कडेला लावायचा आणि ती पुली हातानं हळू फिरवत त्याला आत चढवायचं. सगळ्यात जपायचं ते एकाच गोष्टीला: दोन्ही पुल्यांवर रिबा त्याच खाचांत हव्यात. एक रिब बाहेर लटकत राहिली तर पट्टा पहिल्याच जड कापात त्या रिबेपासून चिरत जातो. चढल्यावर टॉर्च लावून दोन्ही पुल्यांच्या कडा मोजूनच झाकण लावा. हा पट्टा पातळ असल्यानं तिरक्या पुल्या त्याला व्ही पट्ट्याइतक्याही चालत नाहीत.

नवा पट्टा पहिल्या काही तासांच्या कामात खाचेत बसतो आणि थोडा लांबतो. तेवढं काम झालं की प्लग काढून आठ इंचाला एक सूत पुन्हा तपासा, मोटरचे बोल्ट आणि पुलीचे ग्रब स्क्रूही आवळून बघा. झाकणाच्या आतल्या अंगावर पट्ट्याचा नंबर आणि चढवल्याची तारीख तेलरंगानं लिहून ठेवा. एक जादा पट्टा आणलाच असेल तर तो खिळ्याला टांगू नका, त्या जागी बाक पडते. सैल गोल करून, उन्हापासून आणि तेलापासून लांब, फळीवर आडवा ठेवा.